'आई'ला यमक न सापडणारं ॲप

सांगलीत हरभट रोडच्या मागच्या गल्लीत आमचं लग्नपत्रिका छापून देण्याचं दुकान आहे. पत्रिका आता निम्मी माणसं मोबाईलवरच पाठवतात. तरी दुकान चालतं ते माझ्या दुसऱ्या धंद्यावर. मी मंगलाष्टकं लिहून देते. शिवाय उखाणे, बारशाचे पाळणे, ओटीभरणाची गाणी, साठीशांतीचं मानपत्र, आणि निवडणूक आली की प्रभागातल्या दोन-तीन उमेदवारांची प्रचारगीतं. दोन्ही बाजूंची लिहिते. चाल वेगळी असली की झालं.

त्यामुळे यमक ही माझी हौस नाही, माझ्या किराणा मालाचा प्रश्न आहे. हे आधी सांगितलं, कारण पुढे मी एका ॲपबद्दल जरा तिरकं बोलणार आहे, आणि 'खरी कविता मुक्तछंदातच असते' असं म्हणणारे मध्ये येतात. येऊ देत. नवरीची आई मुक्तछंदातलं मंगलाष्टक घेत नाही.

१९९८पासून माझ्याकडे एक वही होती. लांबोडकी, हिशेबाची. तिच्यात शब्द शेवटच्या अक्षरावरून लावलेले. 'रा'च्या पानावर वारा, तारा, पारा, पिसारा, शहारा, निवारा, पसारा, गाभारा, डोलारा, येरझारा. खाली वेगळ्या शाईत नंतर सापडलेले: कोंडमारा, फवारा, उतारा. एखादा शब्द कुणी बोलता बोलता टाकला की मी गिऱ्हाईक बसलेलं असतानाच वही उघडायची. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी दुकानात आलं तेव्हा पत्रिकांचे नमुने, शाईचे डबे, सगळं गेलं. वही वरच्या फळीवर होती, फळीच कोसळली. पुढचे आठ दिवस मी पानं सुटी करून इस्त्रीने वाळवली. बॉलपेनची अक्षरं राहिली, शाईपेनाची धुऊन गेली. म्हणजे जुनी, पहिल्या पाच-सात वर्षांतली, चांगली चांगली तीच गेली. 'ण'चं पान तर कोरंच झालं.

तेव्हापासून उरलेल्या वहीवर भागवत होते. गेल्या दिवाळीत भाचा आला. पुण्यात इंजिनीअरिंगला आहे, आणि रॅप करतो. तो म्हणाला, "आत्या, आता यमकांचं मराठी ॲप निघालंय. शब्द टाकायचा, यादी येते. तू अजून वहीत काय शोधत बसतेस?" त्यानेच माझ्या फोनमध्ये घालून दिलं. पहिला महिना फुकट, नंतर वर्षाला १९९ रुपये. फुकटच्या महिन्यात दर चार शोधांमागे एक जाहिरात. मी पैसे भरले. ॲपचं नाव लिहीत नाही. बनवणारी दोन-तीन पोरं आहेत, पत्राला उत्तर देतात, त्यांचं काम अजून चालू आहे. आज मी नाव घालून काही लिहिलं तर उद्या त्यांनी दुरुस्ती केली तरी माझं लिहिलेलं तसंच राहील.

पहिला शब्द मी टाकला 'आई'. दुसरा कुठला टाकणार?

यादी आली. सुई, रुई, मुंबई, सनई, समई, जावई. मी खाली सरकवत गेले. ताई नाही, जाई नाही, अंगाई नाही, पुण्याई नाही. शाई, घाई, कमाई, वनराई, नवलाई, एकही नाही. मला वाटलं, ॲपमध्ये हे शब्दच नसतील. म्हणून 'ताई' टाकून पाहिलं. झर्रकन सगळे आले, घाईपासून भरपाईपर्यंत. फक्त 'आई' तेवढी नव्हती त्यांत!

'आस' टाकलं: ध्यास नाही, भास नाही, श्वास नाही. 'ओठ' टाकलं तर पान रिकामं. 'ऊन' टाकलं तर येऊन, जाऊन, घेऊन, देऊन, ठेवून नाही पण धुऊन आहे, आणि सून, धून, जून यांचा पत्ता नाही. मी भाच्याला फोन लावला. तो आधी म्हणाला, "इंटरनेट गेलं असेल." मग स्वतः करून पाहिलं आणि दहा मिनिटांनी हसत परत फोन केला.

त्याने जे सांगितलं ते मला फार आवडलं. आपल्याला 'आई'तला आ आणि 'ताई'तला काना हा एकच आवाज वाटतो. संगणकाला ती दोन वेगळी चिन्हं आहेत, वेगवेगळ्या क्रमांकाची. 'आ' हे अख्खं अक्षर, आणि काना म्हणजे दुसऱ्या अक्षराच्या खांद्यावर बसणारं चिन्ह. ॲप शेपटीकडून चिन्हं जुळवतं. 'ताई'ची शेपटी काना आणि ई. 'आई'ची शेपटी आ आणि ई. ई जुळली, पुढे जुळेना, म्हणून बिचाऱ्याने नुसत्या ई-वाल्यांची भरताड केली. 'ऊन'चंही तेच: 'येऊन'मध्ये अख्खा ऊ आहे, 'सून'मध्ये नुसता उकार. म्हणजे मराठीत स्वराने सुरू होणारे जे छोटे, रोजचे, गाण्यात पहिले येणारे शब्द, आई, आस, ऊन, ओठ, ओढ, ऊब, एक, नेमके तेच या ॲपमध्ये पोरके.

इंग्रजीतली यमकं शोधायची जागा भाचा नेहमी वापरतो; १९९६पासून चालू आहे म्हणे. तिथे असं होत नाही, कारण इंग्रजीवाल्यांना स्पेलिंगचा भरवसाच नाही. टफ, थ्रू, दो, तिन्हींच्या शेवटी तीच चार अक्षरं आणि तीन वेगळे आवाज. म्हणून त्यांनी आधी उच्चारांचे कोश केले. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा एक तर सव्वा लाखाहून जास्त शब्दांचा आहे आणि फुकट आहे. आपण मात्र 'जसं बोलतो तसं लिहितो' या फुशारकीवर. त्या पोरांनीही तेच धरलं असणार: लिपी उच्चाराप्रमाणेच आहे ना, मग अक्षरं जुळवली की यमक जुळलं.

जुळत नाही. 'फूल' टाका. मूल, चूल, भूल, पूल, झूल, अनुकूल, प्रतिकूल. छान. पण व्याकुल, मृदुल, मंजुल, बकुल कुठे गेले? ते संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणून शुद्धलेखनाच्या नियमाने ऱ्हस्व; फूल-मूल आपले, म्हणून दीर्घ. तोंडाने म्हणताना सांगलीतलं कोण 'व्याकुल'चा कु आखूड ठेवतं? गाताना तर तो लांबतोच. कागदावर ऱ्हस्व-दीर्घाची भिंत आहे, कानाला ती नाही, आणि ॲप कागद वाचतं.

उलटंही होतं. 'काच' टाकलं तर लाच, जाच, नाच, टाच यांच्याबरोबर 'पाच' येतो. म्हणून बघा: काच, नाच, टाच, पाच. शेवटचा च वेगळा आहे. पहिले तीन दातांवरचे, हा टाळूवरचा. लिहिताना एकच अक्षर. वाचताना चालून जाईल, पण मंगल कार्यालयात माईकवर भटजींनी खड्या आवाजात म्हटलं की खडा लागतो. लाज आणि समाजचंही तसंच. ही जोडी तर गाण्यांतून सर्रास ऐकू येते, तेव्हा मी फार ताणत नाही. पण ॲपने निदान खूण तरी करावी.

आता 'पाऊस'. मराठीत गाणं लिहायला बसलेल्या माणसाला आज ना उद्या पावसाकडे जावंच लागतं. ॲपने मला दिला फक्त 'ऊस'. पाऊस आणि ऊस! आमच्या जिल्ह्याचं सगळं अर्थशास्त्र दोन शब्दांत आलं, पण गाणं कसं करू? कापूस, माणूस, हापूस वरच्याच कारणाने गळालेले. आणि खरं यमक कुठल्याच कोशात नसतं, कारण तो शब्दकोशातला शब्दच नाही: 'नको जाऊस'. पाऊस, नको जाऊस, नको गाऊस. अडीच महिने पाऊस पडतो त्या मुलखात यापेक्षा जवळचं यमक कुठलं असणार? पण ते क्रियापदाचं रूप आहे, आणि ॲपला फक्त मूळ शब्द ठाऊक.

रूपं दाखवायचं एक बटण आहे त्यात, नाही असं नाही. 'ऊन'ला येऊन-जाऊन आले ते त्याच बटणामुळे. पण ते दाबलं की दुसरं टोक. 'मला' टाकलं तर घराला, दाराला, वाऱ्याला, ताऱ्याला, गावाला, नावाला. ही यमकं नाहीत, ही विभक्ती आहे. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लावला की कुठलेही दोन शब्द एकमेकांचे भाऊ होतात. शाळेच्या स्नेहसंमेलनाची गाणी अशीच असतात: येतो-जातो-खातो-गातो. गझल लिहिणारे याबाबतीत आमच्यापेक्षा कडक. ते म्हणतात शेवटचं सारखं येणारं सोडा, ते रदीफ. त्याच्या आधीचं जुळायला हवं, तो काफिया. आणि त्याच्याही आधीचा स्वर धरून ठेवायचा, ती अलामत. घराला आणि दाराला यांत 'राला' सारखं आहे, पण त्याआधी एकीकडे अ आणि दुसरीकडे आ. कडक माणूस हे नापास करील. दाराला-वाराला चालेल. ॲपमध्ये 'किती अक्षरं जुळावीत' असा एक सरकता काटा आहे, तो दोनावरून तीनावर नेला की बरीच घाण गाळली जाते. हे मला पंधरा दिवसांनी कळलं. कुठे लिहिलेलं नाही.

मग हिंदी. 'बहार', 'खुमार', 'इंतजार', 'दीदार', 'निखार'. कुठल्या तरी हिंदी यादीतून शब्द उचललेत हे लपत नाही. लावणीत, गझलेत असले शब्द चालतात, शोभतातही. पण 'माहेर'ची जोडी शोधताना मला 'सवेर' मिळाला तेव्हा मी फोन पालथा ठेवला. माझ्याकडे 'आहेर' आहे. लग्नाच्या गाण्यात माहेरला आहेर सोडून दुसरं काय शोधायचं म्हणा, पण आहेर इतक्या वेळा वापरलाय की मलाच लाज वाटते.

चांगलं काय ते आता सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल वहीवालीचा राग आहे.

नावांसाठी ॲप उत्तम आहे. माझ्याकडची निम्मी कामं म्हणजे नाव बसवणं. उखाण्यात नवऱ्याचं नाव शेवटी आलं तर यमक नावाला लागतं, आणि हल्लीची नावं पाहा! पूर्वी राव लावला की भाव, गाव, ठाव, डाव, काही ना काही सुचायचं. आता 'अथर्व'. मी वहीत पाहिलं, एक 'सर्व' होता, बाकी पान पुरात गेलेलं. ॲपने क्षणात पर्व, गर्व, गंधर्व दिले. गंधर्व मला सुचायला हवा होता, मी सांगलीची! 'सिद्धार्थ'ला पार्थ, सार्थ, परमार्थ, पुरुषार्थ. 'प्रज्ञा'ला आज्ञा, संज्ञा आणि अवज्ञा. अवज्ञा लग्नात नको, पण पाच वर्षांनी उपयोगी पडेल. 'स्वप्नील'ला त्याने मूळ शब्दांत शील, सुशील, मैफील दिले आणि रूपांच्या बटणावर येतील, नेतील, देतील, होतील. नवरीने लगेच 'देतील' उचललं. जोडाक्षरांच्या नावांना वहीचा कधीच आधार नव्हता, कारण ती नावं वही सुरू केली तेव्हा जन्मालाच आली नव्हती.

दुसरं म्हणजे एकटे शब्द. 'चंद्र'ला यमक नाही असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आले. चांदणं घ्या, चांदवा घ्या, चंद्र घेऊ नका. ॲपने 'मंद्र' दाखवला. मंद्र सप्तकातला. मी शाळेत असताना तीन वर्षं हार्मोनियम शिकले होते, शब्द डोक्यात होता, पण चंद्राशेजारी कधी ठेवून पाहिला नव्हता. या एका शब्दाचे मी १९९ रुपये वळते करून घेतले.

मध्ये भाच्याने आणखी एक प्रयोग करायला लावला. "ॲप कशाला, चॅटबॉटला विचार ना." विचारलं. 'सासर' या शब्दाला यमक दे म्हटलं. त्याने आठ दिले, त्यात एक 'ठासर'. ठासर म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, ग्रामीण भागात दाट सावलीला म्हणतात. माझं माहेर तासगावजवळच्या वाडीतलं, माझी आई ब्याऐंशी वर्षांची, तिला फोन केला. ती म्हणाली, "कोण म्हणतंय? त्याला हितं घिऊन ये." मग मी त्याला अख्खं मंगलाष्टक सांगितलं, शार्दूलविक्रीडित वृत्तात. त्याने भराभर चार ओळी टाकल्या आणि खाली ऐटीत लिहिलं की प्रत्येक ओळीत एकोणीस अक्षरं आहेत. मी बोटांवर मोजली. एकवीस, अठरा, वीस, बावीस. माणूस असता तर म्हटलं असतं, थकलाय, उद्या मोजेल.

आणि इथेच माझी खरी अडचण आहे, जी ॲपलाही सुटलेली नाही. मंगलाष्टकाला नुसतं यमक पुरत नाही. शार्दूलविक्रीडितात ओळीला एकोणीस अक्षरं, बाराव्यावर थांबायचं, पुढे सात. ती सात कशी, हे 'कुर्यात् सदा मंगलम्' मोठ्याने म्हणून बघा. गुरू गुरू लघु गुरू गुरू लघु गुरू. म्हणजे यमकाचा शेवटचा तीन अक्षरी शब्द असा हवा की पहिलं जड, मधलं हलकं, शेवटचं जड. 'सासरी' बसतो. 'माहेरी' बसत नाही, तिन्ही अक्षरं जड! तीस वर्षं मी मुली सासरी पाठवतेय, माहेरी एकही आणता आली नाही, ती या वृत्तामुळे. लाजरी, गोजिरी, साजिरी, बावरी बसतात. पापणी, अंगणी, चांदणी बसतात. 'जावई' बसतो, बरं झालं. 'लेकरू', 'पाखरू' बसतात. 'आनंदी' बसत नाही, 'सुखी' एकट्याने पुरत नाही.

सतराव्या शतकातल्या वामन पंडितांना लोक 'यमक्या वामन' म्हणायचे. माझे आजोबा कीर्तनात ते नाव जरा हसून घ्यायचे, म्हणजे अर्थापेक्षा यमकावर जीव असलेला माणूस. पण त्या माणसाने वृत्त सांभाळून यमकं घातली आहेत. दोन्ही हातांनी दोन वेगळी कामं. हसणाऱ्याने एक श्लोक लिहून दाखवावा.

माझ्या वहीत म्हणूनच शब्दापुढे बारीक खुणा होत्या, आडवी रेघ आणि अर्धवर्तुळ. ॲपकडे मी हेच मागितलं. त्यांना लिहिलं: शेवटच्या तीन अक्षरांचा लघु-गुरू क्रम निवडता आला तर महाराष्ट्रातल्या सगळ्या मंगलाष्टकवाल्या तुमचे पाय धरतील. बरोबर 'आई'ची तक्रारही कळवली, भाच्याच्या शब्दांत. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. 'आई'बद्दल क्षमा मागितली होती. लघु-गुरूबद्दल लिहिलं होतं, 'विचार करू, पण यासाठी मागणी किती आहे?' मी काय सांगणार. मी एक.

जुने कोशही मी मध्ये पाहून झाले. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा १८५७चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश इंटरनेटवर फुकट ठेवलेत. रात्री जेवणं झाल्यावर वाचायला त्यासारखं सुख नाही. पण कोश पहिल्या अक्षराने लावलेला असतो आणि यमकवाल्याला शेवटचं अक्षर हवं असतं. कोशात शिरले की मी यमक विसरते आणि अकराला कळतं की आपण 'ख'वर आहोत.

रॅपवाल्यांसाठी एक ओळ लिहिते, कारण भाच्याने बजावलंय. त्यांना एका शब्दाचं यमक नको असतं. त्यांना शब्द तोडून दोन-तीन शब्दांत पसरलेलं हवं: 'दारात पूर आला, डोळ्यांत धूर आला, गळ्यात सूर आला.' हे त्याने माझ्या दुकानात बसून, माझ्या भिंतीवरची पाण्याची रेघ बघत केलं. एका बैठकीत सोळा ओळी. ॲप एकेक शब्दच घेतं, मधली जागा टाकली की लाल अक्षरांत दटावतं. तेव्हा रॅपवाल्यांनी १९९ रुपये वाचवावेत, असं त्याचं मत.

मागच्या महिन्यातली गोष्ट. गोरज मुहूर्ताचं लग्न, आजीच्या नातीचं, आजी स्वतः दुकानात. पंच्याहत्तरीच्या, नऊवारी, पिशवीत भडंगाचा पुडा. मला म्हणाल्या, "ताई, पोरीला सासरी नीट ठेवा असं त्यात येऊ दे. बाकी तुम्हाला काय घालायचं ते घाला." मी पहिली ओळ तिथेच लिहिली. दुसरीला 'बासरी' ठरलेलीच असते. तिसऱ्या ओळीशी अडले. हासरी घेतलं तर नवरीच्या चुलतबहिणीच्या लग्नात तेच घेतलं होतं, आणि याच आजी तेव्हाही समोर बसलेल्या. 'केसरी' घालून वाघसिंह कुठून आणू? ॲपमध्ये 'सासरी' टाकून बोट सरकवत राहिले. तिसरी, दुसरी, विसरी, घसरी. आजींनी तोवर पुडा सोडला होता आणि माझ्या मदतनीस मुलीला सांगत होत्या, त्यांच्या लग्नात कार्यालय कुठलं, वाड्याच्या ओसरीवरच सगळं झालं, समया लावून, आणि वारा सुटला तेव्हा मामाने धोतराचा सोगा आडवा धरला.

आली लेक तुझ्या घरी हसत ही, सांभाळ गे सासरी
देवा, आज हिच्या मनात हलके वाजे तुझी बासरी
सांजेच्या समई-दिव्यांत उजळे वाड्यातली ओसरी

चौथी ओळ 'कुर्यात् सदा मंगलम्'वर संपते, ती रात्री घरी केली. नंतर कुतूहलाने पुन्हा ॲप उघडलं. 'ओसरी' होता की यादीत! घसरीच्या खाली, कुसरीच्या वर. मी त्याच्यावरून बोट फिरवून पुढे गेले होते. आता वहीत 'री'च्या पानावर निळ्या बॉलपेनने लिहून ठेवलाय, पुढे खुणा काढून. शाईपेन मी आता वापरत नाही.

गेल्या आठवड्यात ॲपची नवी आवृत्ती आली. पहिला शब्द पुन्हा 'आई'च टाकला. या वेळी ताई, जाई, घाई, शाई, अंगाई, पुण्याई सगळ्या आल्या; सगळ्यांच्या वर 'महागाई' होती, ते काही चूक म्हणता येत नाही. 'ओठ'लाही मोठ, गोठ मिळाले. 'फूल'ला अजून 'व्याकुल' मिळत नाही, 'पाच' अजून 'काच'मध्ये शिरतो, आणि 'पाऊस'ला आता कापूस, माणूस, हापूस आले, पण 'नको जाऊस' नाही. आधी मी दोन तारे दिले होते, ते आज तीन केले. चौथा लघु-गुरूचं बटण येईल त्या दिवशी. ज्यांना लग्नाचा सीझन धरायचाय त्यांनी नावांपुरतं घ्यायला हरकत नाही, फक्त तो अक्षरांचा काटा आधी तीनावर न्या आणि हिंदी शब्द लपवायचं बटण सेटिंगमध्ये अगदी तळाशी आहे, ते दाबा. 'सवेर' त्यानेही जात नाही.